नळी धुतलेली होती

कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या अंकासाठी प्रयोगशाळेच्या आठवणी लिहून द्या, असा निरोप मला गेल्या वर्षीही आला होता. तेव्हा मी तब्येतीचं कारण सांगितलं. तब्येत चांगली होती. प्रयोगशाळेबद्दल लिहायला बसलो की एक गोष्ट लिहावी लागणार हे मला माहीत होतं, आणि ती लिहायची माझी तयारी नव्हती. या वर्षी मीच संपादकांना फोन करून जागा मागून घेतली.

उमरग्याला मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. बारावीच्या प्रात्यक्षिकात सेंद्रिय पदार्थ ओळखायचा एक प्रयोग असतो, तुम्ही सगळ्यांनीच तो केला आहे. केला आहे असं म्हणायचं, एवढंच. मुलाला बाटलीतला थोडा पदार्थ द्यायचा, बाटलीवर नाव नाही, नुसता नंबर. सोड्याचं द्रावण टाकल्यावर बुडबुडे आले तर ते आम्ल. नाही आले तर फेरिक क्लोराइड टाकायचं, जांभळा रंग आला तर फिनॉल. तेही नाही आलं तर पुढची चाचणी, नारिंगी साका बसला तर अल्डिहाइड किंवा कीटोन. हा क्रम मी वर्गाकडून घोकून घ्यायचो. "वरून खाली या. जी चाचणी पहिली येईल तिथं थांबा. तेच तुमचं उत्तर," असं मी दर वर्षी सांगायचो.

पण क्रमानं चाचण्या घेणारी मुलं थोडी. बाकीची वासावर जायची. मी शिकवण्याही घ्यायचो, आणि शिकवणीच्या मुलांना परीक्षेच्या आधी सगळ्या बाटल्या हुंगायला मिळायच्या. बेंझाल्डिहाइडला बदामाचा वास येतो असं पुस्तकात लिहिलेलं असायचं. आमच्या मुलांना तो क्रीमच्या बिस्किटांवरून ओळखीचा होता, म्हणून त्या बाटलीचं नाव बिस्किटाची बाटली. झाकण काढलं, वास आला, उत्तर ठरलं. मग उत्तरापासून मागं येत पेपरात सगळं भरायचं. अमुक टाकलं, बुडबुडे नाहीत. तमुक टाकलं, रंग नाही. काहीच टाकलेलं नसायचं. मला हे कळत होतं. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनाही कळत होतं, त्यांच्याकडेही असंच चालायचं. अशा पेपरांना आम्ही भरभरून मार्क दिले.

एका वर्षीच्या तुकडीत लोहाऱ्याकडच्या एका खेड्यातून एसटीनं येणारी एक मुलगी होती. शिकवणीला नव्हती. घरी मेंढरं. वडील वर्षातले काही महिने कळप घेऊन बाहेर असायचे, आणि तेवढे दिवस घरचं सगळं करून ही कॉलेजला यायची. वर्गात फार बोलायची नाही. एकदा मात्र तिनं विचारलं होतं, "सर, दोन चाचण्या आल्या तर?" मी म्हणालो होतो, "येत नाहीत. आल्या तर तुझं कुठं तरी चुकलंय."

माझ्या घराबद्दलही इथं सांगायला हवं. आमचं अडतीचं दुकान. घरात रोज शिवपूजा, बायकांच्या तोंडात निम्मी कानडी, निम्मी मराठी. घोंगड्या विकायला मेंढपाळ आले की त्यांना दारच्या ओट्यावर बसवायचे, गूळपाणी द्यायचे, गोड बोलायचे. ते गेले की ओटा धुवायचे. मीही लहानपणी बादली आणून दिलेली आहे. पुढं एमएस्सी झालो, शहरात राहिलो, आणि ते सगळं आपल्यातून गेलं असं धरून चाललो.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी सकाळी मी बाटल्या लावत होतो. बिस्किटाच्या बाटलीचं झाकण निघेना. फडक्यानं धरून पिळलं तेव्हा निघालं. तोंडाशी पांढरे स्फटिक जमले होते. बेंझाल्डिहाइड उघडं पडलं की हवेनं हळूहळू त्याचं बेंझोइक आम्ल होतं, हे मीच बारावीला शिकवत होतो. ती बाटली जुनी होती आणि कितीतरी पोरांनी हुंगलेली होती. मी फडक्यानं तोंड पुसून घेतलं, नंबर चिकटवला आणि बाटली रांगेत ठेवली. मुलं वासावरच जाणार, चाचणी घेतंय कोण, असा माझा हिशेब होता.

उन्हाळा लवकर लागला होता. प्रयोगशाळेच्या नळाला पाणी नव्हतं. कोपऱ्यात एक पिंप भरून ठेवलं होतं, त्यात तांब्या. सगळ्यांनी त्यातलंच जपून वापरायचं. दुपारपर्यंत तळाशी गाळ उरला.

परीक्षक बाहेरगावचे होते, तोंडानं तिखट. टेबलाटेबलावर जाऊन पेपर बघत ते तिच्यापाशी थांबले.

"काय गं, हे ॲसिड कुठून आणलंस?"

"बुडबुडे आले सर."

"शेजाऱ्यांना कुणाला आले नाहीत. ह्या बाटलीवर निम्मा वर्ग आहे, सगळे अल्डिहाइड म्हणतायत. तुझ्याच सोड्याला काय झालं?"

"आले सर. हे बघा की."

तिनं नळी पुढं केली. काचेच्या कडेनं बारीक बारीक बुडबुडे अजून वर चढत होते. मी शेजारीच उभा होतो. मी ते पाहिले.

परीक्षकांनी माझ्याकडे वळून विचारलं, "का हो, तुमच्या बाटलीत काही गडबड?"

इतका सरळ प्रश्न होता. "होय, बाटली जुनी आहे, हिचं बरोबर आहे," एवढं म्हटलं असतं तर संपलं होतं. फार तर प्रयोगशाळेच्या स्थितीवर त्यांनी एक शेरा मारला असता आणि प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं असतं. मला तेवढंही नको होतं.

"बाटली चांगली आहे सर," मी म्हणालो. "हिनं नळी धुतली नसेल. आधीचं ॲसिड राहिलं असेल आत."

"धुतली सर," ती म्हणाली. "चांगली धुतली."

तिनं माझ्या बोलण्यावर उलट उत्तर दिलं, तेही परीक्षकांसमोर, याचा मला राग आला. आणि तोंडातून निघालं, "मेंढरं हाकून आलेले हात. ह्यांच्याकडं धुणं म्हणजे काय ते कुठं माहीत?"

वर्ग हसला. परीक्षकही गालात हसले. मागच्या टेबलावरून कुणी तरी मेंढरासारखं ओरडलं, मग आणखी हशा झाला. मी त्याला दटावलं नाही. माझ्या बोलण्याला मुलांनी दाद दिली याचं उलट बरं वाटलं. तसं वाटलं होतं हे खरं आहे.

तिनं नळी रिकामी केली, पुन्हा धुतली, स्टँडला उलटी लावली आणि पेपर देऊन गेली. त्या प्रयोगाचे तिला जवळजवळ मार्कच मिळाले नाहीत.

परीक्षक स्टाफरूममध्ये चहाला गेले. प्रयोगशाळेत मी एकटाच. कपाटातली एक कोरी नळी घेतली, त्या बाटलीतला पदार्थ घातला, सोडा टाकला. बुडबुडे आले. मग त्याच बाटलीवरच्या बाकीच्यांना ते कसे दिसले नाहीत? त्यांनी सोडा टाकलाच नव्हता. ज्या एकीनं मी सांगितलेल्या क्रमानं चाचणी घेतली आणि मी सांगितलं तिथंच थांबली, तिला मी शून्यावर आणलं होतं.

मार्कांचं पाकीट तेव्हा माझ्याच टेबलावर होतं, अजून चिकटवायचं होतं. परीक्षक भिंतीपलीकडं बशीत चहा ओतून पीत होते. मी बाटली बेसिनमध्ये ओतून टाकली, पिंपातला उरलेला गाळ वरून सोडला आणि पाकीट चिकटवलं.

ती बारावी पास झाली. बीएस्सीला आली नाही. ते माझ्यामुळंच असं मी म्हणत नाही, खेड्यातल्या मुलीच्या शिक्षणाच्या आड येणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात. पण माझ्यामुळं नाही, असंही मला म्हणता येत नाही. पुढं मी निवृत्त झालो, मुलाकडे धाराशिवला राहायला आलो. निरोपसमारंभात माझ्या शिस्तीचं कौतुक झालं.

यंदाच्या जूनमध्ये धाराशिवच्या बसस्थानकावर उमरग्याच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. एक बाई समोर येऊन उभी राहिली आणि पाया पडायला वाकली.

"सर, वळकलं का?"

मी ओळखलं. चेहरा रापला होता, पण डोळे तेच. मी मात्र म्हणालो, "वय झालं, पटकन लक्षात येत नाही."

तिनं सगळं सांगितलं. बॅच, गाव, लग्न होऊन माकणीला दिली ते. बरोबर तिची मुलगी होती, दाखल्यांची फाईल छातीशी धरून. दहावीला चांगले मार्क पडले होते. अकरावीच्या प्रवेशासाठी कचेरीत दाखला काढायला दोघी आल्या होत्या.

"तुम्हीच भेटला ते लई बरं झालं," ती म्हणाली. "हिला जरा सांगा. सायन्स म्हणून बसलीया. तेबी डॉक्टरकी न्हाय, केमिस्ट्री शिकायची म्हणती. मोबाईलमधी बघून घरात कसलेबसले प्रयोग करती. भज्याला आणलेला सोडा घरात टिकू देत न्हाय."

"आई, एकदाच घेतला."

"एकदाच! त्या दिशी पाव्हणे आले आन् भजी दगडावानी झाली. तुजा बाप म्हणला, भजी हायती का डोंगरातली खडी."

मुलगी तोंडावर फाईल धरून हसली. मीही हसलो. मग ती बाई गंभीर झाली.

"सर, म्या तिला सांगून दमले. आर्ट्स घे, पोलीस भरतीची तयारी कर. सायन्स आपल्यासारख्याच्या हातचं न्हाय. मला बी लई वाटायचं तवा. पण माजं प्रॅक्टिकल गेलं. हातच तसला, काय करणार. तुम्हाला तर ठाऊकच हाय की. तुमच्या तोंडानं सांगा, म्हंजे ती ऐकल."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी तो शोधत होतो, असता तर मला सोपं गेलं असतं. तिनं माझं म्हणणं खरं मानलं होतं. इतकी वर्षं तेच डोक्यात ठेवून ती जगत आली होती, आणि आता मुलीच्या बाबतीतही माझीच साक्ष काढत होती.

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी काय म्हणालो? "मार्क चांगले आहेत. घरात बसून विचार करा. घाई करू नका." मुलीनं माझा नंबर मोबाईलमध्ये घेतला. तेवढ्यात लोहाऱ्याची गाडी लागली आणि दोघी गर्दीत शिरल्या. फॉर्म भरायला फार दिवस उरले नव्हते.

उमरग्याला मी गेलो नाही. घरी परतलो. सुनेनं विचारलं, "काय झालं बाबा, गाडी चुकली का?" मी हो म्हणालो.

दोन-तीन दिवस मी स्वतःला समजावून पाहिलं. फोनवर सांगावं. नाही तर नुसतं "सायन्स घेऊ दे" असं म्हणावं, जुनं कशाला काढायचं. पण नुसतं तेवढं सांगितलं असतं तर तिला ते सरांचं चांगलं मन वाटलं असतं. माझ्याबद्दलचं तिचं मत आणखी चांगलं झालं असतं, आणि ते मला सोसवलं नसतं. मी एसटीनं लोहाऱ्याला गेलो, तिथून ऑटोनं माकणीला.

पत्र्याचं घर, पुढं सारवलेली वसरी. दारात एक म्हैस आणि काही शेळ्या. मला बघून ती एकदम गडबडली. "अगं बया, सर! फोन तरी करायचा." मुलीला तिनं चहाला पिटाळलं, स्वतः ज्वारी निवडायचं सूप बाजूला सारून समोर बसली. नवरा रानात गेला होता.

मी आडवळण न घेता सांगितलं. झाकण, पांढरे स्फटिक, फडकं, परीक्षकांचा प्रश्न, नंतर मी एकट्यानं केलेली चाचणी, बेसिन, पाकीट. मुलगी चहा घेऊन दारात उभी राहिली होती.

मग तिनं विचारलं, "म्हंजे तुम्हाला तवाच ठाऊक व्हतं?"

"सकाळपासून."

"म्या वर्गातून भाईर जायच्या आधी बी?"

"हो."

ती थोडं हसली. ते हसू मला बघवलं नाही.

"सर, त्या पिंपात गाळ व्हता," ती म्हणाली. "म्हणून म्या माजी पाण्याची बाटली काढली. पिण्याचं पाणी. त्यानं धुतली नळी. दिवसभर तशीच ऱ्हायले, घरी आल्यावर तांब्या तोंडाला लावला." मग आवाज चढवून, "आन् तुम्ही म्हणला धुणं ठाऊक न्हाय! वर्षभर पोरं मला बघून बें बें करायची. बाजारात, एसटीत. म्या लग्नाच्या आधी दोन गाड्या सोडून तिसऱ्या गाडीनं यायचे, ते का, तुम्हाला काय म्हाईत!"

मी म्हणालो, "माझं चुकलं. माफ कर."

"ते ऱ्हाऊ द्या."

मुलगी हळूच पुढं आली. "सर, पण मग त्या बाटलीत नेमकं काय होतं?"

"तू गप गं," आई म्हणाली.

"नाही, सांगू दे," मी म्हणालो. "दोन्ही होतं. बरंचसं अल्डिहाइड राहिलेलं, थोडं आम्ल झालेलं."

"मग दोन्ही चाचण्या आल्या असत्या?"

"आल्या असत्या."

"मग आईनं पहिली केली आणि थांबली. तुमचा नियमच तसला होता ना. मग नियम चुकीचा होता का?"

पस्तीस वर्षं शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न सोळा वर्षांच्या मुलीनं चहाची बशी हातात धरून विचारला. मी म्हणालो, "शुद्ध पदार्थाला नियम बरोबर. जुन्या बाटलीला चुकीचा. तुझ्या आईनं मला हेच वर्गात विचारलं होतं. मी तिला गप्प केलं."

त्या बाईनं मुलीकडं बघितलं, मग माझ्याकडं. चहा निवून गेला होता, तरी मी तो प्यालो.

उठताना मी म्हणालो, "पोरीला सायन्स घेऊ दे. पुस्तकं, शिकवणी, काय लागेल ते मी बघतो."

ती ताडकन म्हणाली, "पोरीचं काय ते आमी ठरवू. त्यात तुम्ही आता बोलू नगा."

मी चपला घातल्या. वसरीच्या कडेपर्यंत ती आली.

"सर, एक सांगू का? तवा तुम्ही चारचौघात बोलला. परीक्षक व्हते, सगळा वर्ग व्हता. आन् आज माज्या दारात यिऊन एकट्यात सांगताय. ही कुठली रीत? ती पोरं आता कोण मास्तर हाय, कोण उमरग्यात दुकान टाकून बसलंय. त्यांच्या मनात म्या अजून तीच. त्यास्नी सांगा."

"कसं सांगू?"

"ते तुमचं तुम्ही बघा. माजं नाव घालू नगा. पण नळी धुतली व्हती, एवढं सांगा."

म्हणून हा लेख. त्या तुकडीतल्या ज्यांच्या हाती हा अंक पडेल त्यांनी ऐका. त्या दिवशी तुमच्यातल्या निम्म्यांना त्या बाटलीसाठी मी पूर्ण मार्क दिले, आणि तुम्ही एकही चाचणी घेतली नव्हती. तुमच्यातल्या एकीनं ती घेतली. तिची नळी स्वच्छ होती, तिचं निरीक्षण खरं होतं, तिचं उत्तर माझ्या नियमानं बरोबर होतं. मी परीक्षकांशी खोटं बोललो आणि तिच्या घरावरून, तिच्या हातांवरून जे बोललो ते हलकट बोलणं होतं. तुम्ही हसलात ते माझ्या भरवशावर. तो दोष आधी माझा. पण जो मेंढरासारखा ओरडला होता त्याला मी आवाजावरून ओळखलं होतं, आणि तो हे वाचेल अशी माझी खात्री आहे. तिचं गाव मी सांगितलं आहे. निघताना विचारलं तेव्हा तिनं तेवढी परवानगी दिली.

पाच-सहा दिवसांपूर्वी मोबाईलवर मुलीचा मेसेज आला. सायन्स मिळालं. फॉर्मवर आईनं स्वतः सही केली, का केली ते सांगत नाही. मी आनंदाचं काही लिहायला घेणार, तोच खाली दुसरा मेसेज आला, "आई विचारतीय, सरांनी लिवलं का?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. आज हे कागद संपादकांकडे पाठवतो आणि मग देतो.